आवाज कमी केल्याबद्दल आभार

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

२४० आसनांच्या लेक्चर हॉलमध्ये आता ऑनलाइन चाचणीच्या वेळी वायफाय मान टाकत नाही, ते तुमच्यामुळे. दुसऱ्या कॉलेजांतल्या नेटवर्कवाल्यांनाही उपयोग होईल म्हणून हे आभार जाहीरपणे, तपशिलासकट मानतो आहोत.

रेंज पूर्ण, पण पान उघडेना, हे मूळ दुखणं. यावर सगळ्यांचं औषध एकच: अजून एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा. तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत. छतावरचे सहाही पॉइंट २.४ गिगाहर्ट्झवर चालू होते आणि तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. एक बोलला की त्याच चॅनलवरचा दुसरा गप्प. तुम्ही चार पॉइंटांचा २.४चा रेडिओ सरळ बंद केलात. ५ गिगाहर्ट्झवर ८०ऐवजी २० मेगाहर्ट्झचे चॅनल दिलेत, म्हणजे चॅनल अरुंद पण जास्त, प्रत्येकाला आपापला मिळाला. एकट्या फोनचा स्पीडटेस्ट घसरला खरा, पण वर्ग चालला. (स्पीडटेस्टवरून नेटवर्क जोखायची खोड कधी जाणार कोण जाणे.) सिग्नलची पॉवर २० डीबीएमवरून (डीबीएम हे तिचं माप) ११वर आणलीत, कारण पॉइंट कितीही ओरडला तरी फोनचं उत्तर तितक्या लांब पोचत नाही.

खरी कमाल बीकनची, म्हणजे 'मी इथे आहे' अशा पॉइंटच्या सततच्या घोषणांची. सात एसएसआयडी (फोनवर दिसणारी वायफायची नावं), सहा पॉइंट, प्रत्येकी सेकंदाला सुमारे दहा बीकन: ४२०. आकडाही काय जुळावा! बीकन सर्वांत कमी वेगाने जातो. १ एमबीपीएसला एकेक दोन मिलिसेकंदांहून जास्त हवा खातो. एका चॅनलवर १४० धरले तर जवळपास तीस टक्के वेळ नुसत्या घोषणांतच जायचा. तुम्ही १, २, ५.५ आणि ११चे वेग बंद करून किमान १२ ठेवलात आणि नावं दोनवर आणलीत.

आयपीचं गणितही तुम्हीच पकडलंत. नेटवर्कवर प्रत्येक फोनला एक आयपी पत्ता लागतो; आपल्याकडे २५४ पत्ते आणि आठ दिवसांची लीज, म्हणजे एकदा दिलेला पत्ता आठ दिवस त्याच फोनच्या नावावर. सकाळच्या बॅचचे फोन घरी गेले तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच. आता /२२, म्हणजे हजारावर पत्ते, आणि लीज एक तास. केबलमधूनच पॉइंटला वीज देणारा स्विच १५.४ वॅट देत होता आणि पॉइंटला ३० लागत होते, तेही निस्तरलं.

सर्व्हे तुम्ही रिकाम्या हॉलमध्ये केला नाहीत, भरल्या तासाला केलात. माणसाच्या अंगातलं पाणी लहरी शोषतं. मागच्या रांगांचे दोन पॉइंट म्हणूनच पायऱ्यांखाली गेले: तिथे गर्दीच भिंतीचं काम करते आणि पॉइंट आपल्या चार-पाच रांगांपुरता राहतो.

मागच्या बाकांवरचे मोबाइल हॉटस्पॉट मात्र अजून आहेत. त्याला सेटिंग नाही, पाटी लावली आहे. तुमच्या हातचा चॅनलचा तक्ता रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय. वर लाल शाईत लिहिलंय, 'ऑटो करू नये'.

आपले,
नेटवर्क विभागातले सगळे