मार्क्स वाचतोय, म्हणजे पक्षात गेलो असं नव्हे

महोदय,

मी शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करतो. पावसाळ्यापासून दर रविवारी आम्ही पाच-सहा जण मित्राच्या खोलीवर मार्क्स-लेनिन वाचतो. घरी कळलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "जपून रे." ज्या कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथं बापाच्या जिवाला घोर लागणारच.

वरकड मूल्य, म्हणजे मजुरी भागल्यावरही कामगार जे जास्तीचं निर्माण करतो आणि मालक ठेवून घेतो ते, मला पुस्तकाआधी हातांनी समजलं. शिफ्टमध्ये बुश टर्न करता करता हिशेब घातला, माझी हजेरी कितव्या नगाला भागते? जेवणाच्या सुट्टीआधीच भागते. पुढचे नग कुणाचे? हा प्रश्न आता डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये.

पण सगळंच पटलंय असं नाही. लेनिन १९१७ साली लिहितो की राज्यसंस्था शेवटी विरून जाईल. मार्च १९२१ मध्ये त्याच्याच पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवर बंदी येते, क्रोनश्टाट या नाविक तळावरच्या खलाशांचं बंड चिरडलं जातं. इथं मी अडलोय. आणि १९०२ चा शाहू महाराजांचा, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा? तो तर राजगादीवरून आला! राज्य म्हणजे निव्वळ सत्ताधारी वर्गाचं हत्यार, असं मार्क्स-लेनिन सांगतात; यात तो कुठं बसवायचा?

जाणत्यांनी यावर आपल्या पानांतून लिहावं. आम्हाला शिक्का नको, उत्तर हवंय.

— एक लेथ कामगार, कोल्हापूर