बाबा, प्लॉटचे पैसे इकडे पाठवू नका

रेडिंग,
मे 2026

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबांना ऐकू येईनासं होतं आणि आई "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहूनच पाठवते.

बाबा, तुमचं म्हणणं मला समजलंय ते असं. विश्रामबागेतला प्लॉट विकला, त्यातले वीसेक लाख बचत खात्यात पडून आहेत. समोरच्या काकांच्या भाच्याने सांगितलं की इंग्लंडमध्ये नव्या कंपनीत पैसे घातले की तिथलं सरकार 30 टक्के परत देतं. मीही घातलेत हे तुम्हाला ठाऊक आहे. मग आमचेही घाल, तुझ्याच नावावर घाल, असं तुम्ही म्हणालात.

उत्तर नाही असं आहे. पण नुसतं नाही म्हटलं की तुम्ही भाच्याला परत फोन लावाल. तुम्ही सहकारी बँकेत इतकी वर्षं कर्जाच्या फायली वाचल्यात, ही एक माझ्यासाठी वाचा.

भाचा खोटं बोललेला नाही, अर्धं बोललाय. या योजनेचं नाव एन्टरप्राइज इन्व्हेस्टमेंट स्कीम, इथे सगळे ईआयएस म्हणतात. 1994 पासून चालू आहे. छोट्या, शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे नवे शेअर रोख पैसे देऊन घेतले, तर घातलेल्या रकमेच्या 30 टक्के इतका तुमचा आयकर कमी होतो. आपल्या 80सी मध्ये दीड लाख उत्पन्नातून वजा होतात आणि मग उरलेल्यावर कर बसतो. इथे थेट करातूनच वजावट होते. दहा हजार पाउंड घातले तर कराचं बिल तीन हजारांनी खाली येतं. पण त्यासाठी आधी तीन हजारांचं बिल असायला हवं! ज्याने ब्रिटनमध्ये कर भरलेलाच नाही त्याला सरकार कशातून काय परत देणार? भाच्याने नेमकं हेच सांगितलं नाही. तुम्ही सांगलीत राहता, कर भारतात भरता. तुमच्यासाठी ते 30 टक्के शून्य आहेत.

माझ्या नावावर घालायचं म्हणाल, तर त्यात दोनच वाटा आहेत. तुम्ही मला ते पैसे कायमचे देऊन टाकले, तर शेअर माझे, नफा माझा, तोटाही माझा, आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही. नाहीतर मी ते नावापुरते धरायचे आणि खरे मालक तुम्ही. तसं केलं तर इथलं करखातं, म्हणजे एचएमआरसी, खरा मालक कोण तेच बघतं आणि सवलत जाते. वर खोटं लिहून दिल्याचं माझ्या माथी येईल ते वेगळंच. आणि तुम्ही स्वतःच्या नावाने थेट पैसे घालायचे म्हटलं, तर परदेशातल्या बाजाराबाहेरच्या कंपनीचे शेअर घेणं ही रिझर्व्ह बँकेच्या लेखी थेट परदेशी गुंतवणूक होते. 2022 च्या नियमांचे फॉर्म आले, दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता आला, आणि वर्षात दहा लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, आधीच कापला जातो. तो नंतर करात वळता होतो, पण तोवर अडकलेलाच. वीस लाखांसाठी एवढा खटाटोप, तोही सवलतीशिवाय.

आता तुम्ही विचारलेला दुसरा प्रश्न. "सरकार पैसे देतं म्हणजे सरकारची हमी आहे ना?" बाबा, इथे तर उलटंच आहे. हमी असली तर सवलत मिळत नाही. शेअर साधेच हवेत, कंपनी बुडाली तर आधी माझे पैसे द्या असा हक्क त्यांना असता कामा नये. अमुक वर्षांनी अमुक भावाने परत घेऊ असा करार आधीच केला तरी सवलत रद्द. 2018 पासून तर कायद्यात अटच घातली आहे की घातलेलं भांडवल खरोखर बुडण्याची जोखीम असली पाहिजे. ही अट उगाच आलेली नाही. ईआयएसच्या आधी 1983 पासून बिझनेस एक्स्पान्शन स्कीम होती. 1988 मध्ये त्यात भाड्याच्या घरांना परवानगी मिळाली आणि लोकांनी कर वाचवत निवांत घरं बांधून भाड्याने दिली, विद्यार्थ्यांची वसतिगृहंसुद्धा. पुढे ईआयएसमध्येही वीजनिर्मितीच्या प्रकल्पांत लोक पैसे घालू लागले, कारण विजेचा भाव सरकारनेच बांधून दिलेला होता. 2016 पर्यंत वीजनिर्मिती पूर्ण बाहेर काढली. जमिनीचे व्यवहार, हॉटेल, शेती, सावकारी, वृद्धाश्रम, सगळं यादीबाहेर. आपल्या घरात धंदा म्हटला की जमीन, हॉटेल आणि द्राक्षबाग याच तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात, आणि तिन्हींना इथे मनाई!

मग सरकार हे करतं तरी कशाला? हे तुम्हाला पटेल, कारण तुम्ही स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसलायत. तारण नसलेल्या पोराला तुम्ही कर्ज मंजूर केलं असतंत का? नसतंत, आणि बँकर म्हणून बरोबरच होतं. 1931 मध्ये इथल्या मॅकमिलन समितीने हेच लिहून ठेवलं होतं, की छोट्या धंद्याला बँक पुरेसं देत नाही आणि शेअर बाजाराला तो फार लहान पडतो. अर्थतज्ज्ञ केन्स त्या समितीत होते. ती फट अजून बुजलेली नाही. म्हणून सरकार म्हणतं, तुम्ही खाजगी माणसांनी पैसे घाला, बुडण्यात थोडे आम्ही भागीदार होतो. 2012 मध्ये जॉर्ज ऑस्बोर्न अर्थमंत्री असताना अगदी तान्ह्या कंपन्यांसाठी सीड ईआयएस आणली, तिच्यात तर घातलेल्या रकमेच्या निम्मा, म्हणजे 50 टक्के इतका कर सुटतो. तीन वर्षांच्या आतला धंदा, 25 पेक्षा कमी माणसं, आणि एका कंपनीला त्यातून एकूण अडीच लाख पाउंडच उभे करता येतात.

त्याच 2012 साली आपल्याकडे काय आलं आठवतंय? एंजल टॅक्स. नव्या कंपनीने वाजवी भावापेक्षा जास्त किमतीला शेअर विकले तर वरचे पैसे कंपनीचं उत्पन्न धरून त्यावर कर. काळा पैसा रोखायचा हेतू होता, पण नव्या कल्पनेचा वाजवी भाव कर अधिकाऱ्याने ठरवायचा, हे मला तेव्हाही अजब वाटायचं. जुलै 2024 च्या बजेटमध्ये तो रद्द झाला. दादा पुण्यात कंपनी काढायचं म्हणत होता ती वर्षं नेमकी या दोन तारखांच्या मधली. असो.

दादावरून आठवलं, यात नात्यांचा एक गमतीदार नियम आहे. कंपनीशी संबंध असलेल्यांना सवलत नाही. संबंध मोजताना नवरा-बायको, आई-वडील आणि मुलं धरतात, पण भाऊ-बहीण धरत नाहीत. म्हणजे दादाने उद्या इथे कंपनी काढून त्यातून पगार घेतला, तर मी पैसे घालून सवलत घेऊ शकेन, पण वहिनीला मिळणार नाही. आई, हे वहिनीला सांगू नकोस.

माझं म्हणाल तर मी जे घातलंय ते बचतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आहे. आर्थिक व्यवहारांवर देखरेख ठेवणारी इथली संस्था साध्या गुंतवणूकदाराकडून तेवढीच मर्यादा लिहून घेते, आणि पहिल्यांदा घालणाऱ्याला 24 तास थांबून विचार करायला लावते. मला तो नियम आवडतो, आपल्याकडे विमा विकणाऱ्यांनाही लावायला हवा. आई, तू विचारलंस कंपनीत बनतं काय. एक कंपनी जमिनीखालच्या पाइपातली पाण्याची गळती ऐकून शोधणारं यंत्र बनवते. दुसरी दवाखान्यातल्या तपासण्यांसाठी सॉफ्टवेअर करते. तिसरी बंद पडली. तिच्यात सीड ईआयएसमधून पाच हजार घातले होते. अडीच हजार करात आधीच मिळाले होते. उरलेल्या अडीच हजारांचा तोटा उत्पन्नातून वजा करता येतो, मी 40 टक्क्यांच्या टप्प्यात आहे, म्हणून आणखी एक हजार सुटले. माझ्या खिशातून शेवटी गेले दीड हजार. तुमचे असते तर पाचच्या पाच हजार गेले असते. सगळा फरक या दोन आकड्यांत आहे, बाबा.

चाललं तर? ईआयएसचे शेअर तीन वर्षं ठेवून विकले तर नफ्यावर भांडवली नफ्याचा कर शून्य. पण तीन वर्षांनी विकायचे कोणाला? बाजार नाही. कोणी मोठी कंपनी येऊन ही विकत घेईपर्यंत बसून राहायचं, त्याला सात-दहा वर्षं सहज लागतात, आणि मध्ये लाभांश बहुधा नाहीच. आई, तुझ्या भिशीत उशिरा का होईना, नंबर लागतो. इथे नंबरच नसतो. त्यातून कंपनीने तीन वर्षांच्या आत धंदा बदलून मनाईच्या यादीत पाऊल टाकलं, तर सरकार दिलेली सवलत माझ्याकडून परत मागतं, चूक माझी नसली तरी.

आई, तुझ्या अलेक्सामागे केंब्रिजच्या एव्ही नावाच्या छोट्या कंपनीचं काम आहे. तिला सुरुवातीला पैसा मिळाला तो व्हेंचर कॅपिटल ट्रस्टकडून. म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करून अशा बऱ्याच कंपन्यांत वाटून घालणारे फंड, 1995 पासूनचे, लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेले. 2012 मध्ये ॲमेझॉनने एव्ही विकत घेतली. भाचे मंडळी अशाच गोष्टी सांगतात, बंद पडलेल्यांची नावं कोणी सांगत नाही. या ट्रस्टवरची सवलतही सरकार वरखाली करत आलंय. सुरुवातीला 20 टक्के, 2004 मध्ये दोन वर्षांसाठी 40, मग 30, आणि गेल्या नोव्हेंबरच्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी या एप्रिलपासून पुन्हा 20 वर आणली. त्याच बजेटात ईआयएसच्या कंपनीला वर्षाला 50 लाखांऐवजी एक कोटी पाउंड उभे करायची मुभा दिली. भाच्याकडे या योजनांचा काही कागद असलाच, तर तो बहुधा मार्चमधला असणार. इथलं आर्थिक वर्ष 5 एप्रिलला संपतं, आणि मार्चमध्ये आपल्याकडे एलआयसीवाले दारात येतात तसे इथे या फंडांचे ईमेल येतात.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही दोघंही विचारत नाही पण मनात असते. मी परत आले तर या शेअरचं काय? ते राहतील, मिळालेली सवलत मी ब्रिटन सोडलं म्हणून परत जात नाही. पण मी भारतात पक्की रहिवासी झाल्यानंतर विकले तर नफ्यावर आपल्याकडे कर लागेल, आजच्या नियमाने 12.5 टक्के. इथे करमुक्त आहे म्हणून तिकडे माफ होत नाही. आणि इथे उत्पन्न नसेल तर तोटा कशातून वजा करणार? म्हणून मी गेल्या वर्षीपासून नवीन काही घेतलेलं नाही. यातून काय समजायचं ते समजा, पण आत्याला लगेच कळवू नका. अजून काही ठरलेलं नाही.

वीस लाखांचं असं करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, तर दोघांच्या नावावर निम्मे निम्मे ठेवा. व्याज तिमाहीला खात्यात येईल, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला लागले तर दंड भरून का होईना मोडता येतात. वारस म्हणून आमच्या दोघांची नावं घाला, पोस्टात जाताना दोघांची आधार कार्डं आणि फोटो न्या. आणि समोरच्या काकांना एवढंच विचारा, भाचा त्यातून कमिशन घेतो का.

ऑपरेशनची तारीख ठरली की आधी मला सांगा, दादाला नंतर. तो सुट्टी काढतो म्हणतो आणि काढत नाही.

तुमची,
मीनू