‘घरी कुत्रा आहे का?’ एवढं तरी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या यजमानांचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन दीड वर्ष झालं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइडच्या गोळ्या मी घड्याळ लावून देते. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. घरी सोडताना हाती पथ्याचा कागद मिळाला: पाणी उकळून, कच्ची कोशिंबीर बंद, गर्दीत मास्क. कुत्र्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती, आणि आमच्याकडे नऊ वर्षांचा काळू आहे.

गेल्या महिन्यात भाकरीचा तुकडा घेताना काळूचा दात यांच्या बोटाला लागला. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा. नळाखाली साबण लावून १५ मिनिटं हात धुतला आणि जवळचा दवाखाना गाठला. “घरचाच ना? लस दिलीय ना?” असं विचारून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि परत पाठवलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे कोणी विचारलं नाही; घाबरलेली मीही सांगायला विसरले. रात्री किडनीच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं, की अशा रुग्णाचा साधा ओरखडाही मोठ्या चाव्यासारखा धरायचा असतो. रेबीजच्या लशीचे पाचही डोस, शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सुरू केलं.

तोवर काळू यांचा डायलिसिसचा हात, फिश्चुलाच्या (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडल्याच्या) टाक्यांवरून, रोज चाटायचा. आम्हाला ते प्रेम वाटायचं. कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू धडधाकट कुत्र्याच्याही लाळेत असतो. आपल्याला तो सहसा काही करत नाही. पण प्लीहा काढलेल्या किंवा अशा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तात तो पसरला तर जीव जाऊ शकतो, हे मला पन्नाशीत कळलं.

शेजारी म्हणाले, सोडून या कुठेतरी. का म्हणून? डायलिसिसहून थकून आलेल्या माणसाच्या पायाशी तोच बसायचा. डॉक्टरांनीही काढा म्हटलं नाही. आता त्याची शी-शू मुलगा हातमोजे घालून काढतो. कच्चं चिकन बंद केलं, जंताचं औषध वेळेवर देतो, लेप्टोची (जनावरांच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या रोगाची) लस दरवर्षी. पावसाळ्यात सिडकोच्या गल्लीतल्या डबक्यातून आला की पाय धुतल्याशिवाय आत घेत नाही.

नाशकातल्या किडनी आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती: त्या पथ्याच्या कागदावर पाळीव प्राण्यांचीही एक ओळ छापा. आणि कुत्रा चावला म्हणून कोणी आलं, तर आधी गोळ्यांची चिठ्ठी मागा.

– एक गृहिणी, सिडको, नाशिक