लांब दिलेली

धाराशिव,
मृग नक्षत्र, सोमवार

प्रिय बंडू,
स. न. वि. वि.

बोटीवरून उतरून बारा दिवस झाले, तरी रात्री कूस बदलली की पलंग डुलल्यासारखा वाटतो. फोनवर तू "कसं झालं?" म्हणलास नि मी "मस्त" म्हणून मोकळा झालो. पण एक गोष्ट तुलाच सांगायची राहिली आहे आणि ती फोनवर सांगण्यासारखी नाही.

आधी बोटीचं. मी एकतीस वर्षं एसटीच्या फलाटावर उभं राहून गाड्या सोडल्या, त्यामुळं मला ती लांब पल्ल्याची गाडीच वाटली. इटलीतल्या जेनोवाहून सुटायची, मग नेपल्स, मेसिना, माल्टातलं व्हॅलेटा, एक अख्खा दिवस नुसता समुद्र, पुढं बार्सिलोना, मार्सेय आणि आठव्या दिवशी परत जेनोवा. रात्री चालते, सकाळी धक्क्याला लागते. पाचला सुटणार असली तर साडेचारच्या आत वर या. बोटवाल्यांच्याच सहलीला गेलात आणि उशीर झाला तर थांबतात. आपले आपण फिरायला गेलात तर राहिलात धक्क्यावर. आपली लाल गाडी निदान पिशवी सांभाळत पळत येणाऱ्या म्हातारीसाठी थांबते की रे.

सुटायच्या आधी सगळ्यांना संकटात कुठं जमायचं ती जागा दाखवतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब, एवढं लक्षात ठेवायचं. लेकीनं तिकीट काढलं होतं आतल्या खोलीचं, स्वस्तातलं. खिडकीच नाही. दिवा मालवला की अमावस्या. तुझी वहिनी पहिल्या रात्री तीन वाजता उठून, आंघोळ करून, केस विंचरून बसली, सकाळ झाली म्हणून! खाण्याची तर नुसती रेलचेल. लोक ताटं भरून घेतात नि अर्धी टाकतात, ते काही बघवलं नाही. भाकरी अर्थातच नाही. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी आम्ही पिझ्झ्यावर घालून खाल्ली, आणि खरं सांगतो, पिझ्झा सुधारला. शेवटच्या दिवशी बिलात रोजचं माणशी सेवाशुल्क निघालं तेव्हा मात्र तोंड कडू झालं. आधी कुणी बोललं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. नेपल्सला सगळी बोट बसमध्ये बसून पाँपेई बघायला गेली, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं ते जुनं शहर. आम्ही गेलो नाही. तू मागं तेरच्या लामतुरे संग्रहालयात ती हस्तिदंती बाई दाखवून म्हणला होतास, "हिची बहीण इटलीत आहे." मी ते विसरलो होतो. वहिनी विसरली नव्हती. तेर तिचं माहेर. धक्क्यासमोरच्या किल्ल्याजवळून मेट्रो पकडली, तिसऱ्या स्टेशनावर उतरलो की संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं, आमची बोट सोमवारी लागली, हे नशीब.

पण बाई ठेवली आहे कुठं? 'गुप्त दालन' म्हणतात तिथं. पाँपेईच्या घरांतून निघालेली नको नको ती चित्रं नि मूर्ती सगळ्या त्याच दालनात. मी साठीचा, वहिनी पदर तोंडाशी धरून फरशी बघत चाललेली, आणि शाळकरी वाटावीत अशी दोन पोरं आमच्याकडं बघून हसायलेली. तेवढ्यात काचेमागं ती दिसली.

वीतभर उंची. हस्तिदंत पार तपकिरी झालेला. एक पाय दुसऱ्यावर टाकून उभी, हात डोक्यामागं नेलेला, दोन्ही बाजूंना दोन बारक्या दासी. अंगावर कपडा नाही, पण दागिने बघावेत! गळ्यात माळा, पायात घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे, हातात बांगड्यांची चळत. माथ्यावरून आत भोक पाडलेलं आहे. आरशाची मूठ असेल किंवा कुठल्या चौरंगाचा पाय. तिथं तिला लक्ष्मी म्हणतात, जाणकार यक्षी म्हणतात. 1938 साली पाँपेईतल्या एका घरात सापडली. म्हणजे इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला त्याच्या आधीच ती तिकडं पोचली होती.

वहिनी फरशी विसरली. काचेला नाक लावून बघत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "अहो, ही तर आपल्या तेरची!" पहारेकऱ्यानं वळून बघितलं. मग हळू आवाजात म्हणली, "एवढ्या लांब दिली व्हय हिला?"

मला काही बोलता येईना. लेक जर्मनीत आहे, तिच्याच पैशानं आम्ही तिथं उभे होतो.

त्या मूर्तीवर एक खरोष्ठी अक्षर आहे, ती वायव्य भारतातली जुनी लिपी, म्हणून काही जण तिला वायव्येकडची म्हणतात, हे तूच सांगितलं होतंस. असेल. पण आपल्या तेरला तशीच, जालन्याच्या भोकरदनलाही तशीच सापडलेली. मी आपला पक्ष सोडणार नाही. आणि ते पेरिप्लस, समुद्री व्यापाराचं जुनं ग्रीक पुस्तक! तू वाचून दाखवलं होतंस तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, पैठणच्या पूर्वेला तगर, म्हणजे आपलं तेर, दहा दिवसांवर, माल गाड्यांतून भडोचला येतो. अरे, हे तर वेळापत्रक आहे! तगरचं सुती कापड बैलगाडीनं भडोच, तिथून वाऱ्याच्या भरवशावर तांबडा समुद्र, मग अलेक्झांड्रिया, आणि तिकडची गलबतं यायची ती नेपल्सशेजारच्या पोत्सुओलीला. मराठवाड्याला समुद्र नाही म्हणून आयुष्यभर रडलो आपण, आणि दोन हजार वर्षांपूर्वी आपलीच गाडी सगळ्यांत लांबच्या मार्गावर होती.

मेसिनाला उतरलो ते घड्याळ बघायला. चर्चच्या मनोऱ्यात 1933 सालचं अजस्र घड्याळ आहे, दुपारी बाराला सोन्याचा सिंह डरकाळी फोडतो नि कोंबडा आरवतो. लोक टाळ्या वाजवतात. पण 28 डिसेंबर 1908 च्या पहाटे तिथं भूकंप झाला नि गाव जमीनदोस्त झालं, हे कळल्यावर माझं लक्ष उडालं. आपल्या किल्लारीच्या भूकंपाचीही पहाटच. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून लोक झोपलेले, आणि उजाडता उजाडता मी सास्तूरकडं गाड्या सोडत होतो. कंडक्टर तिकडून परत आले ते कुणाशी बोलायलाच तयार नव्हते. कोंबडा आरवला तसा मी धक्क्यावर परत आलो.

माल्टात नदी नाही, एकही नाही. पिण्याचं अर्ध्याहून जास्त पाणी समुद्राचं खारं काढून करतात, आणि आमची बोटही तेच करत होती. मला लातूरला मिरजेहून आलेली ती पाण्याची रेल्वे आठवली, 2016 ची. वर डेकवर पोरं तळ्यात डुंबत होती. मी नळ बारीक सोडून दाढी केली. सवय.

बार्सिलोना, मार्सेयचं विचारू नकोस. चार तासांत शहर बघणं म्हणजे बसच्या खिडकीतून लग्न बघणं. फोटो आहेत, दाखवीन.

इथं पाऊस चांगला झालाय. तेरच्या पांढरीत, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, आता जुने मणी उघडे पडले असतील. पुढच्या रविवारी दोघं या, आधी गोरोबाकाकांचं दर्शन घेऊ, मग संग्रहालय. वहिनीनं नेपल्सच्या बाईच्या बांगड्या मोजून कागदावर लिहून आणल्यात. तेरच्या बाईशी ताडून बघायच्या म्हणते.

तुझा,
दत्ता

ता. क. तुझ्या निळ्या बॅगेचं एक चाक जेनोवाच्या दगडी बोळात गेलं. नवं बसवून देतो.