सुगंधी सुमॅकऐवजी स्टॅगहॉर्न सुमॅकची रोपे पुरवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याशी आजवरचा व्यवहार मराठीतूनच झाला असल्याने ही तक्रारही मराठीतूनच करीत आहे.

न्यू जर्सीतील माझ्या घरापुढच्या उतारावरील माती पावसाने वाहून जाते, म्हणून मी आपल्याकडून ‘ग्रो-लो’ या सुगंधी सुमॅक झुडपाची (ऱ्हस ॲरोमॅटिका) रोपे मागवली होती. ही इथलीच देशी जात असून तिची उंची दोन-तीन फूट आणि पसारा सहा ते आठ फूट असतो, शिवाय तिची मुळे माती धरून ठेवतात. खिडकीखालच्या जागेसाठी ती मी पूर्ण विचारान्ती निवडली होती. रोपे आली तेव्हा निष्पर्ण होती. पालवी फुटल्यावर मात्र लक्षात आले की सुगंधी सुमॅकच्या पानाला असतात तशा तीन पर्णिका (पानाचे छोटे भाग) इथे नाहीत, तर लांबच लांब पानांवर दातेरी पर्णिकांच्या जोड्या आहेत आणि कोवळ्या फांद्यांवर मखमलीसारखी दाट लव आहे. हे उघडउघड स्टॅगहॉर्न सुमॅक (ऱ्हस टायफिना) आहे आणि ते पंधरा ते पंचवीस फूट वाढते.

फोटो पाठवून कळवले असता ‘हीच ती जात आहे, छाटत राहा’ असे उत्तर मिळाले. छाटणीने हे झाड आटोक्यात राहत नाही, उलट मुळांतून अधिक जोमाने फुटवे काढते. आज ते हिरवळीतून आणि पायवाटेच्या फरश्यांच्या फटींतून वर येत आहेत.

पुन्हा तक्रार केली, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने ‘सुमॅक विषारीच असते, तोडून टाका’ असे सांगितले, हे मला अधिक खटकले. बिब्बा उतावा तसे अंगावर उतते ते सुमॅक निराळे. ते दलदलीत वाढते आणि त्याची पांढरट फळे खाली लोंबतात. स्टॅगहॉर्नच्या मादी झाडांचे लाल तुरे ताठ उभे असतात आणि हिवाळ्यात पक्ष्यांच्या उपयोगी पडतात. ऐसपैस मोकळ्या जागेत ते अवश्य लावावे, परंतु माझ्या खिडकीखाली नव्हे.

तरी ही झाडे फुटव्यांसह आपल्या खर्चाने मुळापासून काढून मूळ मागणीची रोपे लावून द्यावीत, आणि यापुढे प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर नुसते ‘सुमॅक’ न लिहिता शास्त्रीय नाव, पूर्ण वाढीची उंची व पसारा छापावा. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक