टायरवरचे चार आकडे

सातारा,
१८ जून २०२५

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र फाल्गुनात आले आणि आता ज्येष्ठ संपत आला, तरी माझ्याकडून दोन ओळींचे उत्तरही गेले नाही, याबद्दल तू रागावली असशील तर तो राग मला मान्य आहे. फोन करता आला असता. पण जे सांगायचे आहे ते नानांच्या कानावर पडू नये अशी माझी इच्छा आहे, आणि आमच्या घरात एका खोलीतले बोलणे चारही खोल्यांत ऐकू जाते हे तुला माहीत आहेच. आईचा रक्तदाब आटोक्यात आहे, माझी पाठ आहे तशीच आहे, बाकी सर्व ठीक.

नानांनी गाडीची किल्ली देवघराच्या कोनाड्यात ठेवून दिली आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून ते गाडीत बसलेले नाहीत, सकाळी उठून गाडी पुसत नाहीत आणि पेट्रोल व किलोमीटर टिपण्याची ती निळी वहीसुद्धा त्यांनी कपाटात टाकली आहे. शरदला सांगितले, तर "बरे झाले, या वयात चालवायची तरी कशाला" असे म्हणून तो मोकळा झाला. तू तसे म्हणणार नाहीस. नानांनी आपल्या दोघींना फियाटवर स्टिअरिंगखालचा गिअर टाकायला शिकवले, त्यामुळे त्यांनी किल्ली ठेवून देणे म्हणजे काय, हे तुलाच कळेल.

झाले ते असे. अंबाबाईचे दर्शन घेऊन आम्ही कोल्हापूरहून परत येत होतो. नाना चालवत होते, मी शेजारी, आई आणि मुग्धा मागे. दुपारची वेळ, ऊन कडक, वेग ऐंशीच्या आत. कराड मागे टाकून उंब्रजच्या अलीकडे आलो आणि मागचा डावा टायर फुटला. आवाज एवढा मोठा होता की, मुग्धा किंचाळली. गाडीचा मागचा भाग एकदम डावीकडे ओढला गेला. नानांनी ब्रेकला पायच लावला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून त्यांनी गाडी सरळ ठेवली, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलला, वेग पुरेसा उतरल्यावर सिग्नल देऊन गाडी डाव्या कडेला घेतली आणि मगच ब्रेक दाबला. त्यानंतर चारही दिवे लुकलुकते ठेवून त्यांनी आम्हा तिघींना डाव्या दाराने उतरवले, रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे केले आणि लाल त्रिकोण घेऊन ते स्वतः मागे पन्नास पावले चालत गेले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, सुनंदा! तसा टायर फुटल्यावर घाबरून जोरात ब्रेक दाबला असता तर गाडी गिरकी घेऊन मागून येणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात गेली असती. त्या दिवशी आम्ही चौघे वाचलो ते नानांच्या हातांमुळे, हे मी त्यांना तिथेच सांगितले.

आईच्या आणि मुग्धाच्या अंगावर मागे पट्टा होता, त्याचेही श्रेय नानांचेच. सीट कव्हर बसवणाऱ्याने मागच्या पट्ट्यांची कुलुपे कव्हराखाली शिवून टाकली होती. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला आणि मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असे वर्तमानपत्रात आले, तेव्हा नानांनी त्याच संध्याकाळी ब्लेड घेऊन ते नवे कव्हर कापले आणि कुलुपे बाहेर काढली. आईने कव्हराच्या पैशांवरून दोन दिवस अबोला धरला होता.

आता मूळ गोष्ट. स्टेपनी लावून आम्ही उंब्रजला एका टायरवाल्याकडे गेलो. नाना त्याला पुन्हा पुन्हा दाखवत होते, की नक्षी पूर्ण शिल्लक आहे, खाचांमधली झिजेची खूण अजून कितीतरी खाली आहे, हवा आदल्याच दिवशी थंड टायरवर तपासलेली आहे, म्हणजे टायरच सदोष निघाला. ते म्हणत होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली लागते आणि आमच्या टायरला त्याच्या कितीतरी जास्त होती. त्या मुलाने काही वाद घातला नाही. त्याने टायरच्या कडेवरची काळी चकाकी ओल्या फडक्याने पुसली, तर खाली बारीक भेगांचे जाळे दिसले. मग त्याने टायर उलटा केला आणि आतल्या बाजूच्या लंबगोलातले चार आकडे वाचून दाखवले : २२१५. म्हणजे २०१५ सालचा बाविसावा आठवडा. टायर बरोबर दहा वर्षांचा होता.

नाना एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत वाढलेले. एस.टी.ची गाडी रोज तीनशे-चारशे किलोमीटर धावते. तिचा टायर वयाने थकण्याच्या आत झिजतो, मग त्याच्यावर नवी नक्षी चढवतात. तिथे सगळा हिशेब किलोमीटरचा. ऑइल किलोमीटरवर, ब्रेकचे लायनर किलोमीटरवर, टायर किलोमीटरवर. घरची गाडी मात्र दहा वर्षांत ३२ हजारही धावलेली नाही, म्हणून नानांच्या वहीप्रमाणे ती जवळजवळ नवीच आहे. पण रबर उभ्या गाडीतही वाळते. उलट टायर फिरत राहिला की त्याच्या आतली मेणासारखी द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात आणि हवेतल्या ओझोनपासून त्याचे रक्षण करतात. उभ्या टायरला तेवढेही मिळत नाही. गाड्या बनवणाऱ्या अनेक कंपन्या सहा वर्षांनंतर, नक्षी कितीही असो, टायर बदलायला सांगतात आणि दहा वर्षे ही तर अगदी शेवटची मर्यादा मानली जाते. नाना दर रविवारी टायरला पॉलिश लावत होते, त्याखाली त्या भेगा झाकल्या जात होत्या, हे मला सर्वांत जास्त लागले.

तिथे उभी असताना मी म्हणाले, "नाना, किती कमी चालला याला महत्त्व नाही, दहा वर्षे म्हणजे दहा वर्षे." नानांनी माझ्याकडे पाहिले आणि इतक्या हळू आवाजात विचारले, "म्हणजे माझीही तारीख बघायची का आता?" मी काही बोलण्याच्या आत ते जाऊन गाडीत मागे आईशेजारी बसले. साताऱ्यापर्यंत मी चालवली. आजवर मी चालवत असताना ते मागे कधी बसले नव्हते. शेजारी बसून माझ्या प्रत्येक गिअरवर बोलायचे.

मी जे बोलले ते खरेच होते आणि आजही मी ते मागे घेणार नाही. चारही टायर बदलले, स्टेपनीसुद्धा. त्यानंतर गाडी इथल्या मिस्त्रीकडे नेली, तेव्हा ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे निघाले, कारण तेही किलोमीटर न झाल्यामुळे कधी बदललेले नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना ब्रेक तापले की असे ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबले तरी ते तळाला जाऊन टेकते. म्हणून गाडी दारात उभी असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. महाबळेश्वरहून याच गाडीतून आपण पसरणीच्या घाटाने उतरलो होतो, ते आठवून माझ्या अंगावर काटा आला.

घाटावरून यवतेश्वरचे भांडण आठवले. तू उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल केलीस आणि नानांनी तुला तिथेच खाली उतरवून अर्धा घाट चालायला लावला होता. तू चपलेचे पैसे मागितले होतेस आणि महिनाभर आमच्याकडे चहाला आली नव्हतीस. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की के.पी.टी.एल., म्हणजे दहा लिटरमागे होणारे किलोमीटर, वाढवण्यासाठी उतारावर गाडी मोकळी सोडणारे ड्रायव्हर त्यांनी पाहिले आहेत आणि त्यांच्या गाड्याही कार्यशाळेत आलेल्या पाहिल्या आहेत. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. आता तर तुझा तो पेट्रोलचा मुद्दाही उरलेला नाही. हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहते. आणि इंजिन बंद केले तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते.

माझी खरी चिंता आता तुला सांगते. नानांनी गाडी सोडावी असे मला मुळीच वाटत नाही. रात्री चालवू नये, एवढेच वाटते. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, डाव्याचा अजून आहे. समोरून पांढरे प्रखर दिवे आले की त्यांना प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसते, हे त्यांनी आईजवळ कबूल केले आहे. वयाबरोबर अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि दिपलेले डोळे सावरायलाही जास्त वेळ लागतो. यात त्यांच्या हातांचा किंवा अनुभवाचा काही दोष नाही. त्यांचा परवाना पंचाहत्तराव्या वर्षी पुढच्या पाच वर्षांसाठी नूतन झाला आहे. त्यासाठीच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, असे विचारतात. नाना ती आजही वाचतात. दिवसा ते माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतात, आणि उंब्रजला ते साऱ्यांनी पाहिले. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर पुण्याकडे उतरणारे ते इंग्रजी एस अक्षरासारखे वळण रात्री पावसात त्यांनी घ्यावे, हे मात्र मला नको आहे. दिवसा मंडई, दवाखाना, लिंब गावची बारामोटेची विहीर, पाहिजे तर कोल्हापूरसुद्धा. दिवेलागणीनंतर मी किंवा मुग्धा. एवढी साधी वाटणी मला त्यांच्यापुढे ठेवायची आहे, पण मी तोंड उघडले की ते वर्तमानपत्र वर धरतात. माझ्या त्या एका वाक्यात त्यांनी स्वतःलाही टायरांबरोबर मोजून टाकले आहे. शिवाय कोणी हे सांगत नाही, की गाडी सोडल्यापासून ते विसूकाकांकडेही गेलेले नाहीत आणि वाचनालयाची पुस्तके बदलायची राहिली आहेत.

तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे वाचले. व्यायाम सोडू नकोस. राधाच्या प्रवेशाचे काय झाले तेही कळव. तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, तिच्यावरूनच मला हे सगळे सुचले : नाशकात तुझी गाडी शस्त्रक्रियेपासून दारात झाकून उभी आहे. तेव्हा माझी एक विनंती आहे. तू नानांना त्यांच्या नावाने स्वतंत्र पत्र लिही आणि गाडी पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी काय काय बघू, ते विचार. तुला ते खरोखरच विचारायला हवे आहे, त्यामुळे यात काही खोटे नाही. बॅटरी उतरली असेल. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटले असतील. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील. टायरांची हवा नक्कीच कमी झाली असेल. टायरवरचे चार आकडे वाचून पत्रात लिही, आतल्या बाजूला असतील तर राधाला खाली वाकून बघायला सांग. ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले तेही लिही. तारखेचा विषय तुझ्या गाडीवरून निघाला, तर ते त्यावर तुझ्याशी नीट बोलतील, कारण तुझ्याशी भांडायला त्यांना नेहमीच आवडले आहे. उत्तर लिहायचे तर त्यांना ती निळी वहीही काढावी लागेल, म्हणजे निदान कपाट तरी उघडेल.

रात्रीच्या वाटणीचे तू त्यात काही लिहू नकोस, ते मी सांगेन. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली की गणपतीत इकडे ये. सकाळी निघ, म्हणजे खंबाटकी उजेडात चढशील, आणि राधाला मागे बसवलेस तर पट्टा लावायला लाव. माझ्या या पत्राचा उल्लेख नानांच्या पत्रात येऊ देऊ नकोस. पाकिटावर मात्र त्यांचे पूर्ण नाव घाल, हुद्द्यासकट. ते त्यांना आवडते.

तुझी,
वासंती