किल्ली खिळ्यालाच लाव

नाशिक, 14 एप्रिल

चि. सौ. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुमच्याकडून निघालो तेव्हा काही बोललो नाही. तुझे सासू-सासरे आलेले, पानं वाढायची होती, आणि मुलीच्या बापाने तिच्या घरात शिरून बटनं-वायरी तपासत बसावं हे बरं दिसलं नसतं. पण एसटीत बसल्यापासून डोक्यातून जाईना. फोनवर सांगितलं तर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणशील आणि बाळ रडलं की ठेवून देशील. म्हणून लिहितोय. दुपारी बाळ झोपलं की नीट वाच आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

तुमचं दार आतून दोनदा कुलूपबंद असतं. मी सकाळी फिरायला निघालो तर किल्ली सापडेना. शेवटी ती तुझ्या पर्समध्ये, पर्स कपाटात आणि कपाट तुमच्या खोलीत. पाच मिनिटं गेली. तेव्हा दिवस होता, दिवे होते, कुणाला घाई नव्हती. रात्री धूर भरला की स्वतःचा हात दिसत नाही गं. लाइट गेलेली असते आणि दोन-चार श्वासांत माणूस गोंधळतो. बहुतेक माणसं ज्वाळेने नाही, धुराने जातात. त्यात दाराशी चपलांचं कपाट, त्यावर रद्दीचा गठ्ठा, आणि त्याच्याच शेजारी स्कूटरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला! बाहेर पडायची वाट एकच, आणि आग लागण्याजोगं सगळं नेमकं तिथे.

आज 14 एप्रिल. सकाळी चौकात बाबासाहेबांच्या जयंतीची गर्दी होती. याच तारखेला 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला होता. कापूस आत धुमसत राहिला, बंबवाले पाणी मारत राहिले, आणि दुपारी सगळंच उडालं. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या आठवणीत आजपासून 20 तारखेपर्यंत अग्निशमन सप्ताह पाळतात. तुमच्या दाराशी रद्दी आणि बॅटरी शेजारी-शेजारी पाहिली तेव्हा मला तेच आठवलं. बॅटरी दारापासून हलवा. चार्जिंग जागेपणी करा, कंपनीच्याच चार्जरवर, आणि भरली की काढून ठेवा. ती फुगलेली दिसली, पडली किंवा फार तापायला लागली, तर एक दिवसही घरात ठेवू नका.

आता माझ्या धंद्यातलं. 31 वर्षं वायरमनचं काम केलं, तेव्हा हे तरी माझं ऐक. ओट्यावरच्या एक्स्टेंशन बोर्डाला तू पाण्याची किटली, मिक्सर आणि बाळाच्या बाटल्या उकळायचं यंत्र लावलंयस. तो बोर्ड सहा अँपिअरचा. म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॅट. तुझी किटली एकटीच 1500 वॅटची आहे. मी प्लग काढून पाहिला. पिनांभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळट पडलंय आणि किटली बंद करून दहा मिनिटं झाली तरी तो कोमट होता. आत लूज काँटॅक्ट झालाय. पेपरात 'शॉर्टसर्किटने आग' असं छापून येतं ना, त्यातल्या कित्येक आगी अशाच सुरू होतात. महिनोन्‌महिने प्लास्टिक भाजत राहतं आणि एक दिवस धरतं. किटली भिंतीतल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटला थेट लाव, आणि तो बोर्ड फेकूनच दे, कामवालीला देऊ नकोस.

दुसरं म्हणजे एमसीबी, वीज जास्त ओढली की आपोआप पडतं ते मीटरजवळचं बटन. ती सारखी पडते म्हणून एखादा वायरमन "मोठी बसवून देतो, ताई" म्हणेल. त्याला दारातूनच परत पाठव. एमसीबी वायरीला वाचवायला असते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, की ती पडायची थांबते आणि भिंतीतली वायर तापत राहते. असली कामं निस्तरायला मी स्वतः गेलोय.

आग विझल्यावर नवी वायरिंग ओढायला मला बोलावणं यायचं. अशा एका घरात हॉलमधल्या पंख्याची प्लास्टिकची पाती वितळून फुलाच्या पाकळ्यांसारखी खाली वाकली होती. भिंती काळ्या, टीव्हीचा गोळा झालेला. आतल्या खोलीचं साधं फ्लशचं दार तेवढं लावलेलं होतं. ते बाहेरून कोळसा झालं होतं. उघडलं तर आत भिंतीवर कॅलेंडर तसंच, खुंटीला शाळेचा गणवेशही. तेव्हापासून आपल्या घरी रात्री खोल्यांची दारं ओढून घ्यायची पद्धत पडली. तुला वाटायचं बाबांना उजेड नको असतो.

आणि ती दिवाळी तुला आठवते का? तू चार वर्षांची होतीस, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापत बसली होतीस. आई चकल्या तळता तळता दारात कुणाशी तरी बोलायला गेली. तेलाने आधी धूर सोडला, मग कढईच भडकली. मी मोरीतून पाण्याची बादली घेऊन धावलो. आजीने माझं मनगट असं धरलं की वळ उठला. "पाणी नको!" एवढंच म्हणाली. गॅस बंद केला आणि स्टीलची परात समोरून न टाकता कडेने कढईवर सरकवली. दोन क्षणांत जाळ गेला. मी परात उचलून बघायला गेलो तर तिने अर्धा तास हात लावू दिला नाही, कारण तेल तापलेलं असताना हवा मिळाली की पुन्हा पेट घेतं. मी बादली ओतली असती तर? पाणी तळाशी जाऊन तिथेच वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सतराशेपट जागा लागते. सगळं पेटतं तेल छतापर्यंत उडालं असतं आणि तू तीन फुटांवर होतीस. तळणीला बसलीस की शेजारी कढई झाकेल एवढं झाकण काढून ठेवत जा. पेटती कढई उचलून बाहेर न्यायची नाही. आणि कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धर. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही नको.

तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे. आपल्याकडचा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. तुमचा हलका, तो वर जातो. बाकी काळजी तीच. वास आला की बटन चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. खिडक्या उघडून, शेगडीजवळचा कॉक बंद करून बाहेर या आणि बिलावरच्या तातडीच्या नंबरला बाहेरूनच फोन करा. रात्री झोपताना कॉक बंद करायची सवय मात्र सोडू नकोस.

तुम्ही नवव्या मजल्यावर. जिन्याच्या दाराला कुणीतरी झाडाची कुंडी लावून ते उघडं ठेवलंय. ते दार बंद राहायला हवं, नाहीतर खालचा धूर जिन्यातून धुराड्यासारखा वर येतो. आग लागली तर लिफ्ट नको. जिना मोकळा असेल तर वाकून उतरा. जिन्यात धूर असेल तर घरातच राहा, दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबा, 101 ला मजला सांगा आणि खिडकीत उभे राहा. त्यासाठी खिडकी तरी मोकळी हवी! ग्रिलमध्ये बॅगा, सायकल, तुळस, सगळं कोंबलंय, आणि उघडणारी झडप एकाही ग्रिलला नाही. सोसायटीच्या सभेत जावईबापूंना विचारायला सांग, की जानेवारी आणि जुलैचं बी-फॉर्म प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, निघतं का, आणि ते देताना आग विझवायच्या नळाला पाणी सोडून बघतात की नुसती सही होते. महाराष्ट्रात हा 2006 चा कायदाच आहे, कुणावर उपकार नाहीत.

बाळाला कोण उचलणार हे तुम्ही दोघांनी आजच ठरवा. ऐन वेळी दोघंही त्याच्याकडे धावतील आणि दार कुणीच उघडणार नाही, किंवा एकाला वाटेल दुसऱ्याने घेतलंय. खाली उतरल्यावर वॉचमनच्या केबिनपाशीच भेटायचं, आणि काहीही राहिलं तरी परत वर जायचं नाही. दागिने राहिले तरी नाही.

रविवारी मी येतो. ग्रिलवाल्याशी बोललोय, तो माप घ्यायला अकराला येईल. सासूबाईंना आधी सांगून ठेव. दोन सॉकेट आणि चांगली वायर मीच घेऊन येतो. आत्ता एवढंच कर. दाराच्या उजवीकडे, तुझा हात पुरेल अशा उंचीवर एक खिळा ठोक, त्याला किल्ली लाव आणि रात्री दिवे बंद करून एकदा अंधारात चाचपून बघ. हाताला लागली की मला फोन कर, मी जागा आहे.

तुझे
बाबा